तिसरं कार्ड

सिस्टरना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, नाव मात्र तेच राहिलं. चाळीस खाटांच्या वॉर्डात त्यांनी तेहतीस वर्षं येरझाऱ्या घातल्या. पुढे नवरा गेला. दोन खोल्यांच्या जुन्या घरी त्या एकट्याच राहत. नळ अंगणात, दुकान कोपऱ्यावर, न्हाणीला सहा पायऱ्या.

"या वयात हे हाल कशाला?" म्हणून मुलाने अकराव्या मजल्यावर आणलं. खोलीला लागून न्हाणीघर, उशाशी पाणी, दिव्याचं बटण पलंगावरूनच.

"सगळं हाताशी आहे, आई," सून म्हणाली. खोटं नव्हतं. हाताशी सगळं होतं, पायांना काही काम नव्हतं.

आठ महिन्यांत खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागू लागले. अंथरुणावर पडून राहिलेला पाय आधी बारीक होतो, मग भित्रा होतो, हे त्यांनी शेकडो रोग्यांत पाहिलं होतं. वयाच्या माथी खापर फोडायला त्या तयार नव्हत्या. पण जायचं कुठे? लिफ्ट कार्डावर चाले, आणि घरटी कार्डं दोन. एक मुलाकडे, एक सुनेकडे. दोघं सकाळी आठला कामावर जात, सातला परतत.

एका मंगळवारी त्यांनी जिन्याचं दार उघडलं. एक मजला उतरायचा नि चढायचा, बस्स. गुडघे कुरकुरले, पण वळले. वर येऊन पाहतात तर जिन्याचं दार बंद. ते मजल्याच्या बाजूनेच उघडणारं! दहाव्यावर ठोकलं, नवव्यावर ठोकलं. आठव्यावर हात उचलला आणि वाटलं, आपण काय भीक मागतोय? मग उतरतच राहिल्या. दोनदा पायरीवर बसल्या. खाली पोचायला पाऊण तास लागला.

"आजी, कुणाकडे आलात?" वॉचमनने विचारलं.

"कुणाकडे नाही. इथेच राहते."

"कधीपासून?"

"आठ महिने."

त्याने वही चाळली. वहीत त्या होत्या, पण वर न्यायला कार्ड त्याच्याकडेही नव्हतं.

सातला मुलगा-सून आले, तेव्हा सिस्टर वॉचमनच्या खुर्चीत बसलेल्या.

"अगं, फोन करायचास!"

"फोन वर, मी खाली."

"पण गेलीस कशाला? घरात काय कमी आहे?"

"काही कमी नाही रे. तेच तर दुखणं आहे."

"व्यायामाची सायकल आणू. बसल्या जागी चालवायची."

"जाते कुठे ती?"

"कुठेच जात नाही गं."

"मग एक आहे की घरात तसली!"

सुनेला हसू फुटलं, मुलाला नाही.

"मला कार्ड हवं," सिस्टर म्हणाल्या.

"आणि एकटी पडलीस म्हणजे?"

"वर पडले तर सातपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. खाली पडले तर निदान कुणाच्या तरी वाटेत आडवी येईन."

दुसऱ्या दिवशी मुलाने कार्डाचा अर्ज आणला, भरूनच. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वैद्यकीय उपचारांसाठी ये-जा.

"असं लिहिलं की लवकर मिळतं."

सिस्टरनी चष्मा लावला आणि ती ओळ खोडली.

"आई, खाली जाऊन करणार काय तू? ओळखीचं एक माणूस नाही तुझं."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी वॉर्डातल्या त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'खाली जायचं आहे', आणि सही केली.