पहिल्या पानावरचा श्री

भवानीनगरच्या स्टँडवरून पुण्याला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि कायदे जास्त होते. एसटी एका अंगाला कलली ती त्याच वजनानं, असं मी अजून सांगतो. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, नव्या ट्रॅक्टरची करतात तशी त्या पुस्तकांची पूजा घातली होती. हळद, कुंकू आणि प्रत्येकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या पेनानं भलामोठा 'श्री'. आई म्हणाली, "जेवून जा. कायदा काय पळून चाललाय व्हय?"

कायदा जागेवरच राहिला, पळायच्या बेतात मी आलो. सनद मिळाली होती, पण वकिलांची ती देशभराची परीक्षा मुदतीत पास झालो नाही तर काळा कोट खुंटीला. इकडं काटेवाडीच्या मामांनी बांधाचं भांडण माझ्यासाठी राखून ठेवलेलं. पुण्यात कॉट बेसिसवर राहून परीक्षेचे नियम वाचायला घेतले. चार पर्याय, त्यातलं एक उत्तर. चुकलं तरी गुण कापत नाहीत. कायद्याची पुस्तकं आत नेता येतात. इथवर वाचून मी मेसमध्ये श्रीखंडाची दुसरी वाटी मागितली. मग पुढची ओळ वाचली. पुस्तकात टिपा नकोत, हातानं लिहिलेलं काही नको.

वाटी तशीच सोडून मी खोलीवर पळालो.

'श्री' हे लिखाण धरतात का? एक रूममेट म्हणाला, "पुस्तकं काढून घेतील भाऊ, गठ्ठ्यानं." दुसरा म्हणाला, "देवाला कोण अडवतंय?" पान फाडायला माझा हात धजेना. रोज उघडायचो, रोज मिटायचो. तुमच्यातले जे घर सोडून गेलेत, त्यांना हे सांगायला नको.

परीक्षेच्या दिवशी गेटवर तपासणाऱ्या बाईंनी वरचंच पुस्तक उघडलं.

"हे पेनानं लिहिलंय."

"मॅडम, वडिलांनी लिहिलंय."

"कुणी का लिहीना. पान काढा, नाहीतर पुस्तक बाहेर ठेवा."

सगळी काढली. एकेक पान फाटताना आवाज भवानीनगरपर्यंत गेला असेल. पानं बाहेरच्या पिशवीत सरकवली आणि आत बसलो. कलम शोधायला पुस्तक उघडावं, तर बोट आधी त्या फाटक्या काठाला लागायचं आणि वाचलेलं सगळं पुसून जायचं.

तात्यांना फोनवर खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "पेपर बरा गेला न्हवं?"

पास झालो. गावी गेलो, तात्यांबरोबर चहाला बसलो, तर साखर कारखान्यासमोरचा चहावाला विचारतो, "वकीलसायेब, ती बाई श्री बघून खुर्चीतनं उठली म्हणं?"

मी तात्यांकडं पाहिलं. ते कपात बघत होते.

"उठली की," मी म्हणालो. "चपला काढून उठली."

पुण्याच्या कोर्टात माझ्या केसचा पुकारा झाला की अजून उठायच्या आधी कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेली ती पानं चाचपतो. घर माझ्यासाठी आता तेवढ्याच जागेत उरलंय, जिथं तात्यांच्या गोष्टीतली ती बाई अजून हात जोडून उभी आहे आणि तिला खाली बसा म्हणायची कुणाला घाई नाही.