डिसेंबरची मुलगी

माझी लेक कुठल्या दिवशी जन्मणार हे आमच्या घरात बसून ठरलं. बाळ पोटात आडवं होतं, ऑपरेशन करावंच लागणार होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डिसेंबरचा शेवटचा आठवडा किंवा जानेवारीचा पहिला, तुम्हाला हवा तो दिवस सांगा. सासूबाई मालवणकडच्या. लगेच बोरीवलीतल्या आमच्या गुरुजींकडे जाऊन पुष्य नक्षत्र काढून आल्या. वर्ष संपायच्या जरा आधीचा दिवस निघाला. "नक्षत्र चांगला असा गो, पोर नाव काढतला," म्हणाल्या. मीही खूश.

लेक पाचवीत बास्केटबॉलला लागली आणि पार वेडीच झाली. सोसायटीच्या जिन्यावरून बॉल आपटत उतरायची, खालच्या काकू वैतागायच्या. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ती न बघता पास द्यायची आणि तो बरोबर मैत्रिणीच्या हातात जायचा, एवढं दिसायचं. तिला एकच हवं होतं, चौदा वर्षांखालच्या जिल्ह्याच्या संघात जायचं. दुसरा विषयच नाही. जेवताना तेच, झोपताना तेच.

निवड अंधेरीला होती. मी ऑफिसात रजा टाकून गेले. तिथल्या पोरी चांगल्याच थोराड होत्या. काही तर माझ्यापेक्षा उंच, आमची त्यांच्या खांद्याला लागत होती. तरी खेळली ती. मधून घुसायची, बॉल काढून घ्यायची, पण बास्केटखाली पोचली की वरून कुणाचा तरी हात यायचा आणि बॉल गेला. शेवटी नावं वाचली, त्यात ती नव्हती.

मी तडक निवड करणाऱ्या सरांना गाठलं. माझं तोंड काही गप्प बसत नाही. "का नाही घेतलं ते सांगा," म्हटलं. माणूस सज्जन होता, नीट समजावून सांगितलं. वयाची रेघ एक जानेवारीला पडते, एका वर्षात जन्मलेल्या सगळ्या मुली एका गटात. घेतलेल्यांतल्या बऱ्याचशा जानेवारी-फेब्रुवारीच्या होत्या, आमची डिसेंबरअखेरची. म्हणजे जवळजवळ वर्षानं लहान.

"हात छान आहे हो तिचा," सर म्हणाले, "पण या वयात एक वर्ष म्हणजे केवढा फरक. जरा उशिरा, जानेवारीत झाली असती, तर तिला याच गटात अजून एक वर्ष मिळालं असतं. तेव्हा हीच सगळ्यांत मोठी असती."

मी त्यांच्याशी भांडायला गेले होते. शेजारीच उभ्या लेकीची बॅग घेतली आणि स्टेशनची वाट धरली.

सासूबाईंना मी काही सांगणार नव्हते, पण लेकीनंच घरी येऊन सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातली तिची पत्रिका काढून तारीख बघितली. मग म्हणाल्या, "थोडे दिस थांबाक होया होता गो." आता त्यांच्यावर काय चिडायचं? पोरीचं भलंच बघितलं होतं त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून त्या तिला नाचणीचं सत्त्व पाजायला लागल्या आणि लेक उंच व्हायला म्हणून बाथरूमच्या चौकटीला लटकायला लागली. मला ते बघवायचं नाही.

निवडलेल्या मुलींना शिबिरं, रोजचा सराव, चांगले सर. त्या पुढे गेल्या. आमची शाळेच्या संघातही बाकावर बसू लागली. एक दिवस मैदानावर न जाता सरळ घरी आली. मग रोजच यायला लागली. मी म्हटलं, "जा गं, असं काय करतेस?" तर म्हणाली, "आई, मी चांगली नाहीये. असते तर घेतलं असतं ना." तारखेचं सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. पण त्या वयात तारीख कुठून पटायला? आपलं नाव वाचलं गेलं नाही, एवढंच तिला कळलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नववी-दहावीत मात्र ती ताडमाड वाढली. आता बापापेक्षा उंच आहे. उंची आली, खेळ गेला.

यंदा कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला मी सोबत गेले होते. रांगेत उभ्या होतो, तिथल्या खेळाच्या सरांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि ते चक्क खूश होऊन जवळ आले.

"बास्केटबॉल खेळतेस का गं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझा हात घट्ट दाबला.

"नाही सर," ती म्हणाली. "मला ते कधी जमलंच नाही."