अण्णांच्या छातीतला फौजेचा धूर

अण्णा गेले त्याला आज वर्ष झालं आणि मी अजूनही एका माणसाचं वाईट चिंतते.

वाचून कुणाला कसंतरी वाटलं तर वाटू द्या.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत हवालदार होते. गाड्यांचे मेकॅनिक. खुलताबादजवळच्या शेतकऱ्याचं पोरगं. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी दातांपासून तळपायापर्यंत तपासून "फिट" म्हणून घेतलेलं.

नोकरीतली कितीतरी वर्षं बर्फात गेली. तिथं शेडचं दार उघडलं तर बोटं चालत नाहीत आणि इंजिन बंद केलं तर परत सुरू होत नाही.

म्हणून दारं बंद, इंजिनं चालू, आणि माणसं आत.

"इतका धूर, की थुंकी बी काळी यायची," अण्णा हसत हसत सांगायचे.

मग खोकला लागला. तो गेलाच नाही. रिटायरमेंट तोंडावर आलेली असताना कळलं, फुफ्फुसाचा कॅन्सर.

अपंगत्वाची पेन्शन मिळायची तर आजार नोकरीमुळं झाला हे आधी मेडिकल बोर्डानं मानावं लागतं. बोर्डात तिघं होते. बोलले एकच. लष्करातले मोठे डॉक्टर साहेब.

"कहाँ के हो?"

"औरंगाबाद, साहब."

"तंबाकू?"

"नहीं साहब. कभी नहीं."

"तुम्हारे उधर के सब यही बोलते हैं."

झालं. आजार व्यसनामुळं, नोकरीशी संबंध नाही. संपला विषय.

अहो, या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं! माझ्या लग्नात व्याह्यांनी प्रेमानं पुढं केलेलं पान यांनी हात जोडून परत दिलं, आणि त्यावरून माझे सासरे कितीतरी दिवस फुगून बसले होते.

बोर्डाच्या त्या दिवशी अण्णा घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"पेन्शन गेली उडत," म्हणाले. "त्यानं मला खोटारडा ठरवलं. अंगात वर्दी असताना."

अपील केलं, फेटाळलं. परत केलं, परत फेटाळलं. कारण तेच, शब्दसुद्धा तेच. मधल्या काळात अण्णांना कुणी साधा एक प्रश्न विचारला नाही.

मग आम्ही मुंबईत केस टाकली. बिडकीनचे कदम काका अण्णांसोबत त्याच शेडमध्ये होते. ते शपथेवर साक्ष द्यायला तयार झाले. वकिलांना म्हणाले, "माझी बी छाती उघडून बघा म्हणावं. तोच धूर निघंल."

केमो चालू असताना एका तारखेला अण्णा हट्टानं सोबत आले. नुसती पुढची तारीख मिळाली. परतताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. ते डोकं किती हलकं लागत होतं, ते मी कधीच विसरणार नाही.

शेवटी शेवटी बोलायला दम पुरत नव्हता. तरी मला जवळ बोलावलं.

"केस मागं घ्यायची नाय."

"नाही घेणार, अण्णा."

"अन् त्याला सोडायचं नाय."

आई डोळे पुसत म्हणाली, "अहो, आता तरी देवाचं नाव घ्या."

"घेतो की. आधी त्याचं घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी गेले.

आता ऐका. ते डॉक्टर साहेब मधल्या काळात रिटायर होऊन आपल्याच शहरात, औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात राहायला आले होते. माजी सैनिकांच्या कार्यक्रमात पहिली खुर्ची त्यांची. अण्णांच्या अंत्ययात्रेला गावी आले ते पुष्पचक्र घेऊनच. कुणाला वाहायला आलोय, हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

बोर्डाच्या कागदावरचं त्यांचं नाव मला पाठ होतं; आईला मी कानात सांगितलं. आई उठली.

"तुमी नका ठेवू."

एक म्हातारे पुढं झाले. "वहिनी, मयताच्या जागी असं बोलू नाय."

"माझा नवरा जित्ता होता तवा ह्यांनी त्याला लबाड ठरवलं. तवा कुठं होते सगळे?"

साहेब पुष्पचक्र हातात धरून तसेच गाडीत जाऊन बसले.

केस आईच्या नावानं पुढं चालली. गेल्या महिन्यात निकाल लागला. कोर्टानं स्पष्ट म्हटलं, हा माणूस धडधाकट भरती झाला, धुरात राबला, आजार नोकरीमुळंच झाला, आणि व्यसनाच्या गोष्टीला काडीचाही आधार नाही.

आईनं निकाल ऐकला. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "पेढे आण. पहिले त्याच्या घरी दे."

मी एकटी गेले. दार साहेबांनीच उघडलं. कानाला मशीन, हातात काठी.

"पेढे घ्या, सर. हवालदार अण्णांची केस जिंकली."

त्यांनी पेढा घेतला. मग मी कोण ते लक्षात आलं. पेढा हातातच राहिला.

"मैंने नियम से किया, बेटा."

"'तुम्हारे उधर के' हे कुठल्या नियमात आहे?"

साहेब हळूच म्हणाले, "सॉरी."

"हे अण्णांना म्हणायला पाहिजे होतं," म्हटलं आणि जिना उतरले.

लोक म्हणतात, सूड घेऊन कुणाला समाधान मिळत नाही.

मला मिळालं. घरी येऊन पोटभर जेवले. त्या म्हाताऱ्याची काठी आणि हातातच राहिलेला पेढा आठवतो. तरीही दया येत नाही.

तेव्हा कमेंटमध्ये "लेट गो कर ताई" लिहू नका. मी करणार नाहीये.

आज दुपारी गावी, शेतावर अण्णांच्या वर्षश्राद्धाचं जेवण आहे. अण्णांना ओळखणाऱ्या सगळ्यांना आवतण.

एक घर सोडून.

अण्णा, तुम्ही सांगितलेलं केलं. आता निवांत पडा.