दत्ताचा बॅकहँड

दत्ता फार वाईट टेनिस खेळायचा.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

गेल्या महिन्यात परदेशात पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकली म्हणून तुम्ही जिचा फोटो स्टेटसला ठेवलात, त्या प्राजक्ताचा हा बाप. माझा पिशोर गावातला शाळासोबती. वाळूजच्या कंपनीत मशीनवर होता, बजाजनगरात राहायचा.

आज वर्षश्राद्धाला प्राजू आलेली नाही. तिची मॅच आहे.

सकाळपासून त्यांच्या घरी कुजबुज चाललीय. "बापापेक्षा मॅच मोठी झाली का?" एकानं तर मलाच विचारलं. तिथं जेवणावळीत आवाज चढवायचा नव्हता, म्हणून इथं लिहितो.

पोरगी जिंकली की ती शहराची होते. चौकात फ्लेक्स लागतात, त्यावर नेत्यांचे चेहरे तिच्यापेक्षा मोठे असतात. हरते तेव्हा ती फक्त आईबापाची असते.

आणि प्राजू पुष्कळ हरलेली आहे.

शाळेत असतानाच शहरातल्या गारखेड्याच्या कोर्टवर तिला तोडीचं कुणी उरलं नाही. मोठी मुलं यायची, तिच्याकडून हरायची, आणि दुसऱ्या दिवशी नेमका त्यांना क्लास असायचा.

मग दत्तानं चाळिशीत रॅकेट धरली. फर्स्ट शिफ्ट करून यायचा, चहा घ्यायचा, की कोर्ट.

पुढं लक्षात आलं, प्राजू डावखुऱ्या मुलींकडूनच हरते. त्यांचा चेंडू उलटा वळतो, आणि सवय व्हायला इथं कुणी डावखुरं नव्हतं.

दत्तानं रॅकेट डाव्या हातात घेतली.

हात वळावा म्हणून दात घासणं, कुलूप उघडणं, सगळं डाव्या हातानं. माझ्या घरी सत्यनारायणाला आला आणि प्रसादाला डावा हात पुढं केला.

गुरुजी थांबले. "अहो, उजवा."

"ह्याला शिकवायलो, गुरुजी. ह्यालाच द्या."

मंगलवहिनी, त्याची बायको, मागून म्हणाली, "द्या गुरुजी. आमच्यात आता देवसुद्धा टेनिसला विचारून येतो."

हळूहळू त्याचा फोरहँड बरा झाला. बॅकहँड, म्हणजे उलट्या बाजूचा फटका, काही जमला नाही. तिकडं चेंडू आला की आधी पाय अडकायचा, मग गुडघा धरून उभा.

मग पुण्याची ती मॅच आली. जिंकली असती तर प्राजू पहिल्यांदाच व्यावसायिक खेळाडूंच्या मुख्य फेरीत गेली असती. मी आणि दत्ता दोघं गेलो होतो.

समोरची मुलगी डावखुरी. तिचा बॅकहँड इतका कच्चा, की टेनिसमधलं काही न कळणाऱ्या मलाही दिसत होता. आणि आमची प्राजू प्रत्येक चेंडू तिच्या फोरहँडवर द्यायची. सुबक, हाताशी येईल असा.

मी वैतागलो. "अरे, हिला दिसत नाही का?"

दत्ता कोर्टाबाहेरच्या जाळीला धरून उभा होता. म्हणाला, "ती त्या पोरीशी नाय खेळायली. माझ्याशी खेळायली."

"म्हणजे?"

"माझा गुडघा दुखतो म्हणून बॅकहँडला मारतच नाय ती. रोज मला हातात आणून देती. अन् मला वाटायचं, मी सुधारलो."

प्राजू हरली.

परतीच्या बसमध्ये दत्तानं तिला सांगितलं, "उद्यापासून मी तुझ्याशी खेळणार नाय. तू पुण्यातच राहून खेळायचं."

"मी मारीन ना बॅकहँडवर, पप्पा. जोरात मारीन."

"नाय मारायची तू. मला म्हायतीय."

"मग तुम्ही संध्याकाळी काय करणार?"

"चहा पिईन."

ती खिडकीकडं तोंड करून रडत राहिली. मला राहवलं नाही. बापाची माया, लेकराचं मन, असं बरंच मी बोललो.

"वक्ते," तो म्हणाला, मला तो कायम वक्तेच म्हणायचा, "तू सभेत बोलायलास. इथं पोरगी बसलीय."



त्यागावर मी आयुष्यभर भाषणं ठोकली. आईबाप मुलांसाठी जमीन विकतात, दागिने विकतात, आणि ते वारंवार ऐकवतात. दत्तानं दिवसातली सगळ्यात आवडती वेळ सोडली आणि पुन्हा तिचा उच्चार केला नाही.

आपल्या घरांत काय होतं, बघा. मुलं आपल्याला झेपेल एवढंच बोलतात. आपल्याला कळेल तेच शिकतात, आपल्याला चालेल तिथंच लग्न करतात. आपल्याला दुखू नये म्हणून अख्खं आयुष्य हळू खेळतात. आणि आपण खूश, की पोरं संस्कारी निघाली.

दत्ता खूश झाला नाही. घाबरला.

प्राजू पुण्याला गेली. पहिले काही दिवस ती त्याच्याशी फोनवर बोलायची नाही, सरळ आईला द्यायला सांगायची. पुढं डावखुऱ्या मुलींना हरवायला लागली. मग मोठ्या स्पर्धा, मग बाहेरचे देश.

दत्ता जायच्या आधीच्या दिवाळीत ती घरी आली होती. म्हणाली, "चला पप्पा, एकदा."

गारखेड्याच्या त्याच कोर्टवर मी बाकावर बसून बघत होतो. तिनं एकेक चेंडू त्याच्या बॅकहँडवर मारला. दत्ताला एकही परतवता आला नाही. शेवटी धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसला. घामानं निथळत होता आणि हसत होता.

"बघितलं का, वक्ते? एकबी दिला नाय पोरीनं."

आज दुपारी त्याच्या फोटोला हार घातला, तेव्हाही ती कुजबुज चालूच होती. मंगलवहिनीनं ती ऐकली. पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "मॅच सोडून आली असती ना भावजी, तर ह्यांनी तिला घरात घेतलं नसतं."

मला वेगळं काही सांगायचं नाही.

दत्ता, गड्या, तुला मनापासून आदरांजली.