डोक्यावर ओतलेला काढा

गेल्या वर्षी मला मोठा ताप आला. ताप गेला आणि केस जायला लागले. फणी फिरवली की पुंजकाच हातात. म्हातारीचे केस, जाऊ देत म्हटलं. पण अंबाडा राहिना, आणि अंबाड्याशिवाय डोक्यावर पदर ठरत नाही. बोडक्या डोक्यानं मी कधी कुणापुढं गेलेली नाही. मग इथं अमेरिकेत, सनीव्हेलात, लेकीच्या घरातनं बाहेर पडणंच सोडलं.

लेकीनं धरून एका चिनी वैद्यीणबाईकडं नेलं. तिनं नाडी धरली, जीभ काढायला लावली. केस डोक्यावर, नि ही जिभेत काय बघतीया? मुळ्या, साली, काळी सुकली बोरं, असं कागदात बांधून दिलं. काय करायचं ते सांगितलं तवा लेक फोनवर. मला हातवाऱ्यानं कळलं ते एवढंच, उकळायचं.

दुसऱ्या दिवशी लेक ऑफिसात. केसाचं औषध उकळायचं म्हणजे शिकेकाईवानीच की! उकळलं, गार केलं, बाथरूमात बसून सगळं डोक्यावर ओतलं.

संध्याकाळी लेक आली ती नाक धरूनच. "आई, कसला वास हा? काढा कुठंय?"

"डोक्यावर."

"अगं, प्यायचा होता तो!"

"मग तसं सांगायचं. केस काय पोटात उगवत्यात?"

हसून हसून ती खालीच बसली.

मग नवा उकळून प्याले. किराइतापेक्षा कडू. महिन्या-दीड महिन्यानं गळती थांबली. औषधानं का तापाचा जोर ओसरला म्हणून, देव जाणे. टाळूवरची रुपयाएवढी जागा मात्र तशीच. परत दाखवायला गेलो तवा वैद्यीणबाईनं तिथं बोट टेकवून काहीतरी विचारलं.

लेक म्हणाली, "इथं काय झालं होतं विचारतायत."

"दुष्काळात खडी वाहिली. पाटीखाली चुंबळ असायची, फाटक्या लुगड्याची. तिनं घासून केस गेले. तू पोटात होतीस तवा."

"मला कधी बोलली नाहीस!"

"बोलायचं काय त्यात? सगळ्याच बायांचे गेलेले."

लेकीनं ते इंग्रजीत सांगितलं. वैद्यीणबाईनं मान हलवली. म्हणाली, या जागेला औषध नाही.

"आपण स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट घेऊ," लेक फोन काढत म्हणाली.

"नको. गेलं ते गेलं. राहिलेल्याचा अंबाडा होतोय का बघ."

तिथंच खुर्चीत बसवून लेकीनं घातला. सुपारीएवढा झाला. आकडा टोचला, पदर ठरला.

घराकडं जाताना म्हटलं, भाजीच्या दुकानात गाडी थांबव. वांगी मी निवडते.