बाबांचं ‘छान’

ऑफिसात त्याला सगळे विद्यार्थी म्हणत. चाळिशी उलटली, कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी हा गडी दर वर्षी काहीतरी नवं शिकायला घ्यायचाच. एका वर्षी परकी भाषा, एका वर्षी गिटार, एका वर्षी पोहणं. आणि पेशाने प्रोग्रामर असल्यामुळे अधूनमधून एखादी नवी संगणकाची भाषा. सुरुवात धूमधडाक्यात व्हायची. पुस्तकं यायची, साहित्य यायचं, पहाटे उठण्याच्या आणाभाका व्हायच्या. मग दोनेक महिन्यांत सगळी वरात कपाटाच्या माथ्यावर. गिटारीवरची धूळ झटकताना तारा वाजत, तेवढंच काय ते त्याचं संगीत.

स्वयंपाक मात्र त्याने हौसेने शिकायला घेतला नव्हता. वडिलांच्या घशात गाठ निघाली. तिच्यावर किरणांचे उपचार झाले, गाठ गेली, पण जाताना तोंडाची पार दशा करून गेली. लाळ आटली, जीभ हुळहुळी झाली आणि पानावर बसायचं म्हटलं की म्हाताऱ्याच्या कपाळावर आठ्या. आई काही वर्षांपूर्वीच गेलेली. मोठी बहीण दूरच्या शहरात; ती फोनवरून पाककृती सांगायची आणि वर टोमणाही मारायची, “तुला साधं अंडं उकडता यायचं नाही, आणि आता थेट बाबांवर प्रयोग.” ती हसायची, तोही हसायचा. पण फोन ठेवताना दोघांचाही आवाज उतरलेला असायचा.

कारण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. बाहेर आल्यावर बाबांनी मुलाचं मनगट धरलं आणि म्हणाले, “मला ती नळी नको.” उपचारांच्या काळात शेजारच्या खाटेवर तशी नळी लावलेला एक माणूस होता. बाबांनी त्याला बघितलं होतं. त्या सगळ्या आजारपणात त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

एरवी काही न मागणं हा बाबांचा स्वभावच. उभा जन्म त्यांनी बस चालवली. मागे बसलेली माणसं गर्दीपासून खिडकीच्या काचेपर्यंत सगळ्याबद्दल कुरकुरायची आणि सगळा राग ड्रायव्हरवर निघायचा. त्या कुरकुरीचा त्यांना इतका उबग आला होता की घरी आल्यावर ते स्वतः चुकूनही तक्रार करत नसत. चहा गार झाला तरी पीत, सदऱ्याचं बटण तुटलेलं असलं तरी तसाच घालत. शेजारीपाजारी अशा माणसाला देवमाणूस म्हणतात. अशा देवमाणसाबरोबर एका घरात राहणं किती अवघड, ते शेजाऱ्यांना ठाऊक नसतं.

विद्यार्थ्याने स्वयंपाकाचं काम ऑफिसच्या शिस्तीने हातात घेतलं. प्रोग्राम बिघडला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, मग दुसरी बदलायची. नाहीतर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं हे कळत नाही. हाच नियम त्याने गाजराच्या सूपला लावला. आज मीठ कमी. उद्या मीठ तेवढंच, पण लोणी जास्त. परवा लोणी तेवढंच, पण मिरपूड. गाजर झालं की भोपळा, भोपळा झाला की बटाट्याचा मऊ लगदा. संध्याकाळी ऑफिसातून आला की हात धुऊन थेट गॅसपाशी. मिक्सरच्या आवाजात बहिणीचा फोन घ्यायचा, सूप गाळायचं, चांगलं वाफाळतं करायचं, आणि काचेच्या वाडग्यात ओतून वर कोथिंबिरीचं एक पान ठेवून, स्टीलच्या लखलखीत चमच्यासह बाबांपुढे आणायचं. मग समोर खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, “कसं झालंय?”

बाबा एक चमचा घेत, डोळे मिटत, मान डोलावत आणि म्हणत, “छान.”

एवढं म्हटलं की विद्यार्थ्याला अस्मान ठेंगणं. आणखी चार-पाच चमचे झाले की बाबा वाडगा सरकवत आणि पोट भरलं म्हणत. विद्यार्थी त्याचा अर्थ असा लावायचा, की चवीचा प्रश्न सुटलाय, आता भुकेचा तेवढा राहिलाय. ताईला तो अभिमानाने सांगायचा, “बाबांना भोपळ्याचं आवडलं, आता पुढचं शिकतो.” त्याचं स्वतःचं दुपारचं जेवण कँटीनमध्ये आणि रात्रीचं म्हणजे पाव आणि अंडं. बाबांच्या वाट्याचं आपण कशाला खायचं, अशी त्याची समजूत. इकडे एकापाठोपाठ एक पदार्थ पास होत होते आणि तिकडे बाबांच्या विजारीचा नाडा रोज थोडा जास्त आवळावा लागत होता.

त्याच्या ऑफिसात एक टेस्टर बाई होती. इतरांनी लिहिलेले प्रोग्राम वापरून बघायचे आणि त्यांतल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. ती ते इतकं मन लावून करायची की प्रोग्रामर मंडळी तिच्या मागे तिला नापासबाई म्हणत. तिच्या तोंडून शाबासकी ऐकलेला माणूस त्या मजल्यावर नव्हता. त्या दिवशी तिने विद्यार्थ्याचा एक प्रोग्राम परत पाठवला, तेव्हा तो वैतागून तिच्या टेबलाशी गेला.

“अहो, ग्राहक तर छान म्हणतोय.”

तिने पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाही. “ग्राहक तो वापरतोय का, नुसतंच छान म्हणतोय?”

विद्यार्थी भांडायला म्हणून गेला होता, तो तिथल्याच रिकाम्या खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाल्याचं तिलाही दिसलं असावं, कारण तिने खुर्ची वळवली. मग त्याने तिला सगळं सांगितलं. सूप, मीठ, लोणी, उतरत चाललेलं वजन, नळी. डॉक्टरांची पुढची भेट तोंडावर आली होती. तिने मध्ये एकदाही अरेरे केलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही स्वतः खाता का ते?”

“मी? नाही.”

“आणि छान झालंय हे कोण ठरवतं?”

“बाबा.”

“तुम्ही समोर बसलेले असताना?”

त्याने होकारार्थी मान हलवली. शनिवारी येते, म्हणाली ती.

शनिवारी ती आली. आल्या आल्या तिने पहिली गोष्ट केली ती ही, की तोच वाडगा, तसलाच चमचा आणि तेच वाफाळतं सूप स्वतःसाठीही मागून घेतलं. दुसरी गोष्ट, विद्यार्थ्याला आत पिटाळलं. “तुम्ही स्वयंपाकघरात जा. बनवणारा समोर बसला की कोणी खरं बोलत नाही.” आपल्याच घरातून आपल्यालाच हुसकून लावलेला हा गृहस्थ ओट्याला टेकून उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला.

बाहेर बराच वेळ नुसता चमच्यांचा आवाज. मग बाई म्हणाली, “काका, कसंय ते मी नाही विचारत. घास तोंडात गेला की आधी काय होतं, तेवढं सांगा.”

“छान आहे हो. पोरगं फार मेहनत घेतं.”

“मेहनत दिसतेच आहे. आधी काय होतं?”

मग बाबांचा आवाज आला, दबका, चोरी कबूल करावी तसा. “लोखंड.”

“म्हणजे?”

“किल्ली तोंडात धरल्यासारखं लागतं. काहीही खाल्लं तरी. आणि ती वाफ नाकात गेली की पोटात ढवळतं.”

“गार करून का नाही घेत?”

“तो गरम गरम आणतो ना. ऑफिसातून दमून येतो, पुन्हा ओट्यापाशी उभा राहतो. त्याला गार कर म्हणायचं कसं?”

“आणि मिरपूड?”

“मिरपूड,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी जो उसासा सोडला तो स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

विद्यार्थ्याला हसावं की रडावं कळेना. खरं सांगायचं तर त्याला रडू आलं. ओट्यावरचं फडकं डोळ्यांना लावून त्याने ते निस्तरलं. इतके दिवस त्याने मीठ बदललं, लोणी बदललं, भाज्या बदलल्या. रोज न चुकता तशाच राहिलेल्या दोन गोष्टी मात्र बदलायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. सूप रोज वाफाळतं आणि चमचा रोज स्टीलचा. गरम वाढणं म्हणजे माया, हे त्याच्या लेखी इतकं उघड होतं की त्यात चूक शोधायला तो गेलाच नव्हता. आणि चूक नेमकी तिथेच दबा धरून बसली होती.

जाताना बाईने दारात चपला घालता घालता सांगितलं, “सूप वाईट नव्हतं. पण कोथिंबिरीचं पान घशाला चिकटतं.” तिच्या मानाने ही स्तुतीच म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं जेवण गार झालं. सूप फ्रीजमधून बाहेर यायचं. स्टीलचा चमचा जाऊन आइस्क्रीमबरोबर मिळतो तसला लाकडी चमचा आला. दह्यात केळं कुस्करून, शिजवलेलं सफरचंद गार करून, अंडं दुधात फेटून, शिजवून, गार करून. आणि जे बाबांच्या वाडग्यात तेच विद्यार्थ्याच्याही वाडग्यात. समोर न बसता तो शेजारी बसू लागला. कसं झालंय हा प्रश्न त्याने टाकून दिला, आता तो विचारायचा, “कुठे अडलं?” सुरुवातीला बाबा आढेवेढे घेत. जिभेवर आलेलं छान गिळून टाकताना त्यांना दिसण्याजोगे कष्ट पडत. मग एकदा त्यांनी धीर करून सांगितलं की सफरचंदात धागे राहिलेत. आकाश कोसळलं नाही. त्यानंतर मात्र म्हाताऱ्याने उभ्या जन्माचा अनुशेष भरून काढायला घेतला. दही आंबट आहे. दूध दाट झालंय. काल बरं होतं, आज बिघडवलंस. विद्यार्थी ही बोलणी खात खात कामाला लागायचा आणि वाडगा रिकामा होताना बघून त्याचा जीव भांड्यात पडायचा. ताईला फोनवर सांगायचा, “आज दोनदा नावं ठेवली.” ती म्हणायची, “चला, माणूस ताळ्यावर आला.”

डॉक्टरांकडे बाबा वजनाच्या काट्यावर श्वास रोखून उभे राहिले, जणू त्याने वजन वाढणार होतं. काटा मागच्या वेळेपेक्षा खाली गेला नव्हता. वर गेला होता, थोडासा. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि नळीचं तूर्त राहू दे म्हणाले. परतीच्या बसमध्ये नवीन ड्रायव्हर ब्रेक कसा वेडावाकडा मारतो, यावर बाबांनी सबंध रस्ताभर व्याख्यान दिलं.

त्या संध्याकाळी दोघे शेजारी शेजारी दही-केळं खात बसले होते. बाबांनी केळं जास्त पडलंय असं सांगितलं आणि तरी वाडगा चाटूनपुसून संपवला. मग लाकडी चमचा बोटांत फिरवत म्हणाले, “तुझी आई पण विचारायची. लग्न झालं तेव्हा. रोज.”

“काय?”

“कसं झालंय म्हणून. मी छान म्हणायचो. काही असलं तरी छानच. मला वाटायचं, बरं वाटेल तिला. मग तिने विचारणं सोडलं. आणि नंतर माझ्याबरोबर बसणंही सोडलं. माझं पान वाढायची आणि आत जाऊन जेवायची.”

लहानपणापासून विद्यार्थ्याने आईला ओट्यापाशी उभ्याने जेवतानाच पाहिलं होतं. तिला तसंच आवडतं, असं तो आजवर धरून चालला होता.