डाव्या जबड्याचा दात

वन्सं गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नाशकात लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. त्र्यंबकावरून, मोखाड्याच्या रस्त्याने बैलगाडी जव्हारला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. हे ओसरीवर नुसते बसून होते. मला पाहून म्हणाले, "आक्काच्या खिडकीच्या चौकटीला वाळवी चढलीय. रॉकेल आणून ठेवलंय, पण माझा हात होईना." मग आम्ही दोघंही रडलो. चौकटीला वाळवी लागली म्हणून कोणी रडतं का? पण आमच्या घरातली गोष्ट निराळी होती, तीच आज सांगायला बसले आहे.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पुसलं गेलं, आणि यांना संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा मिळाली तशा त्या धाकट्या भावाकडे जव्हारला आल्या. मी नवी नवरी होते आणि त्यांना जाम भ्यायचे. जीभ धारदार, डोळे त्याहून. त्यांच्या ट्रंकेत एकच ऐवज होता, लग्नानंतर मुंबईला काढलेला नवऱ्याचा फोटो. तो त्या कुणाला दाखवत नसत. एका पावसाळ्यानंतर कपड्यांना ऊन दाखवायला म्हणून ट्रंक उघडली, तर फोटोची काच शाबूत आणि काचेमागे नुसती माती! मला वाटलं आता या कोसळणार. त्यांनी त्या मातीतला एक पांढुरका किडा बोटाच्या टोकावर घेतला आणि यांना हाक मारली, "नाना, तुझं ते सूक्ष्मदर्शक आण. याचं तोंड तरी बघू दे मला."

तोंड बघितलं ते कायमचंच. दुपारी दवाखाना बंद झाला की ते यंत्र वन्संचं. डोळे नाहीत, अंग मऊ, पोटातली माती बाहेरून दिसते, मिशा म्हणजे ओवलेले मणी... दिसेल तसं त्या शिसपेन्सिलीने उतरवत. मुंगीसारखी बारीक कंबर नाही, तेव्हा हिला पांढरी मुंगी म्हणणारे लोक चुकतात, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावून सांगितलं. जणू मीच ते नाव ठेवलं होतं! ही वाळवी नेमकी कुठल्या जातीची, हा त्यांचा ध्यास झाला. यांचे एक जुने स्नेही कलकत्त्याला संग्रहालयात होते, त्यांच्याकडे स्पिरिटमध्ये घालून एक बाटली पाठवली. उत्तर आलं की हे सगळे कामकरी किडे आहेत, यांच्यावरून जात कळत नाही, वारुळाची राखण करणारे शिपाई पाठवा. वन्सं भडकल्या. खातात कामकरी, आणि ओळख पटवायची ती न खाणाऱ्यावरून, हा कुठला न्याय, म्हणून दिवसभर भांडी आपटत होत्या.

मग त्यांनी आपली एक पद्धत बसवली. भिंतीवर मातीची नळी चढलेली दिसली की नखाएवढा तुकडा उडवायचा आणि गप्प उभं राहायचं. आधी शिपाई येतात, भोकाशी डोकी काढून पहारा देतात. त्यांच्या मागून कामकरी ओली माती आणून भोक बुजवतात. तेवढ्यात ओल्या कुंचल्याच्या टोकाने एखादा शिपाई उचलायचा. पिवळट तांबूस, लांबट डोकं, पुढे निमुळतं. विळ्यासारखे दोन जबडे, आणि डाव्या जबड्याला आतल्या अंगाला एक दात. या दातावरूनच कूळ ठरतं. आधी टर्मिस म्हणत, पुढे विद्वानांनी दातवाल्यांना वेगळं काढून ओडोंटोटर्मिस हे नाव दिलं, आणि आमची ती त्यातली ओबेसस, म्हणजे लठ्ठ, असं कलकत्त्याहून कळलं. माझं तेव्हा दुसरं बाळंतपण नुकतंच झालं होतं. वन्सं कित्येक दिवस मला त्याच नावाने हाक मारत होत्या! त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

कामकरी काढून झाले, शिपाई झाला, चारही पंख सारखे असलेली उडती वाळवी झाली. राहिली राणी. ती वारुळाच्या पोटात मातीच्या कोठडीत, बोटाएवढी फुगून पडलेली असते असं त्यांनी वाचलं होतं. डोळे मिटायच्या आधी एकदा ती बघायचीय, असं त्या उघड बोलून दाखवत. थंडीत हे देवी टोचायला सूर्यमाळकडे निघाले, तेव्हा आम्ही दोघीही गाडीत बसलो. एका पाड्याबाहेर पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. हे पहार घेऊन माणूस बोलावणार, एवढ्यात शेजारच्या घरातली काळूबाय पुढे आली. वारुळाला शेंदूर लावलेला आम्ही पाहिलाच नव्हता. ती भांडली नाही, वन्संच्या शेजारी येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाय, राणी काढशील त वारूळ मरंल. मंग आमची आळंबी कठं उगवंल?"

वन्संनी नखाएवढं भोक पाडू का म्हणून तिला विचारलं. ती हो म्हणाली. शिपाई आला, त्याला त्यांनी भिंगाखाली धरलं. डाव्या जबड्याला तोच दात.

"उमा, आपल्या घरातले ते हेच गं," त्या मला म्हणाल्या. "इतकी वर्षं मी यांना शिव्या दिल्या. त्यांना काय ठाऊक, तो फोटो होता म्हणून."

यांनी दुसरं वारूळ शोधू म्हटलं. वन्सं म्हणाल्या, "नको नाना. राणीवाचून माझं काही अडत नाही." अडत होतं, हे मला चांगलं माहीत होतं. तिच्यासाठी राखून ठेवलेला जाड कागद शेवटपर्यंत कोराच राहिला. पण परतताना गाडीत त्यांनी पहिल्यांदाच मला नवऱ्याबद्दल सांगितलं, तो हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची म्हणून. आमच्यातलं भय त्या दिवशी संपलं, आणि माझी एक सख्खी बहीण झाली.

परवा अखेर वन्संची खोली उघडली. सगळी चित्रं आणि तो कोरा कागद मी पत्र्याच्या पेटीत घालून माजघरात आणला. रॉकेलची बाटली घेऊन हे खिडकीशी आले. मी त्यांना थांबवलं, नळीचा नखाएवढा तुकडा उडवला आणि गप्प उभी राहिले. भोकाशी तांबूस डोकी आली.

"दात दिसतो का?" यांनी हळूच विचारलं.

माझ्या डोळ्यांना आता तेवढं कुठलं दिसायला. "डाव्या बाजूला आहे," मी म्हणाले.

यांनी बाटली खाली ठेवली. मागून कामकरी ओली माती घेऊन आले, आणि भोक बुजेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.